धृपद धरणारा श्रोता

‘मनाला जरा निवांत करणारं, आध्यात्मिक म्हणावं असं काही ऐकायला सुचवा’ अशी मागणी हल्ली कुठल्याही घरगुती गप्पांत होते आणि सुचवणाऱ्यांचाही तुटवडा नसतो. पाच मिनिटांत मोबाइलवर दहा दुवे येऊन पडतात. भीमसेनांची संतवाणी, किशोरीताईंनी गायलेली मीरेची भजनं, एखादी कव्वाली, तिबेटी मठातलं मंत्रपठण, दोन तासांची बासरी. सगळं फुकट. आठवड्याने चौकशी करावी तर त्यातली दोन अर्धवट ऐकून झालेली असतात आणि बाकीची ‘सवडीने ऐकू’ म्हणून तशीच पडून असतात. यात त्या माणसाच्या आळसाचा भाग थोडाच. ही गाणी पहिल्या भेटीत फारसं काही हाती लागू देत नाहीत. आणि यादी तर पहिल्या भेटी घडवण्यापलीकडे काहीच करू शकत नाही.

मग असं संगीत सापडावं कसं? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर तुकोबांच्या चरित्रात आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसं गेली, व्यापार बुडाला, आणि तुकोबांनी देहूचं पडझड झालेलं विठ्ठलमंदिर दुरुस्त करायला घेतलं. पुढची हकिगत त्यांनी एका आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगून ठेवली आहे. आरंभी अभ्यासात चित्त नव्हतं, म्हणून संतांची काही वचनं आदराने पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे राहून धृपद धरलं. एवढंच. कवित्व ही पुढची गोष्ट. मराठीतल्या सर्वांत मोठ्या भक्तकवीची सुरुवात दुसऱ्याच्या गाण्याची टेक पुन्हापुन्हा म्हणण्यातून झाली.

धृपद धरणं म्हणजे नेमकं काय, ते भजनाच्या फडात बसल्याशिवाय नीट कळत नाही. पुढे गाणारा एक चरण म्हणतो. तो संपता संपता मागचे टाळकरी धृपदाची ओळ उचलतात. पुन्हा नवा चरण, पुन्हा तेच धृपद. पुढच्याला शब्द आठवायचे असतात, चाल सांभाळायची असते, मृदंगाकडे कान ठेवायचा असतो. मागच्याकडे यातलं काहीच नाही. त्याची ओळ ठरलेली आहे, ती त्याला झोपेतही येते. त्यामुळे त्याचं लक्ष मोकळं राहतं, आणि ते मोकळं लक्ष जातं पुढच्याच्या चरणाकडे. दुसऱ्या चरणानंतर तीच ओळ म्हणताना तिचा अर्थ पहिल्या वेळेपेक्षा थोडा सरकलेला असतो. चौथ्या चरणानंतर तर कधी कधी तो पुरता पालटलेला असतो. ओळ तीच, पण तिच्या मागे आता चार चरण उभे आहेत.

सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग किशोरी आमोणकरांच्या आवाजात ऐकताना हे फार स्वच्छ कळतं. सुरुवातीला ती ओळ नुसती बातमी असते. मधल्या चरणांत देव आणि भक्त, पाहणारा आणि पाहिलेला असा भेद एकेक करून गळत जातो, आणि दर वेळी ताई त्या ओळीवर परत येतात तेव्हा स्वरांची मांडणी थोडी निराळी असते. शेवटच्या आवर्तनाला तीच ओळ निष्कर्ष होऊन बसते. एकदा ऐकून उठणाऱ्याला गोड भैरवी ऐकल्याचं समाधान मिळतं, नाही असं नाही. पण चोखोबांच्या घरच्या या बाईने, देवळाबाहेर ठेवलेल्या या बाईने, अवघा रंग एक झाल्याचं इतक्या ठामपणे का सांगावं हा प्रश्न साधारण चौथ्या-पाचव्या ऐकण्यात पडतो. आणि तो पडल्यावर त्या भैरवीतला गोडवा पहिल्यासारखा राहत नाही.

तर सांगायचं ते हे, की ध्यानाकडे नेणारं बहुतेक संगीत परत येण्यावर उभारलेलं आहे, आणि म्हणून ते शोधायचंही परत येऊनच. दहा गाणी एकेकदा ऐकणाऱ्यापेक्षा एक गाणं दहा वेळा ऐकणारा त्याच्या जवळ लवकर पोचतो.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. चिंतनाचं संगीत म्हणजे संथ, मऊ, पाण्याच्या खळखळाटासारखं काहीतरी, अशी समजूत बाजाराने करून दिली आहे. तसं असतं तर वारीतलं भजन त्यात बसलंच नसतं. पंचवीस-तीस टाळ एकदम, वर मृदंगाची थाप, घशाच्या शिरा ताणून म्हटलेली वरच्या पट्टीतली चाल, अंगाला घाम. तरीही त्यात उभा असलेला माणूस जितका एकाग्र असतो तितका वातानुकूलित खोलीत बासरी लावून बसलेला क्वचितच असतो. लय संथ की द्रुत, आवाज मोठा की लहान, यावर काही ठरत नाही. हे गाणं परत परत येण्याला पुरतं का, एवढं पाहावं.

पण परत येण्यातही दोन जाती आहेत. इंटरनेटवर ‘मंत्र १०८ वेळा’ अशा नावाच्या फिती ढिगाने मिळतात. त्यातल्या कित्येकांत मंत्र एकदाच म्हणून घेतलेला असतो आणि यंत्राने तो १०८ वेळा चिकटवलेला असतो. श्वास घेण्याची जागा तीच, शेवटच्या अक्षरावरचा कंपही तोच. दहाव्या फेरीला कान ते ओळखतो आणि ऐकणं सोडून देतो. त्यानंतर ती फीत खोलीत पंख्यासारखी चालू राहते. उलट हरिपाठ घ्या. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग आणि अनेक ठिकाणी चरणाचरणाला धरलं जाणारं एकच धृपद. हिशेब केला तर एका बैठकीत ती ओळ शंभराच्या घरात जाते. पण म्हणणारी माणसं जिवंत असतात. कोणाचा श्वास कमी पडतो, कोणी अर्धी मात्रा आधी उचलतो, मध्येच पावलीचा वेग वाढतो, एखादी म्हातारी भलत्याच पट्टीत पण अगदी खात्रीने गात असते. शंभरातली कुठलीही दोन आवर्तनं सारखी नसतात.

आणि हरिपाठ संपला की संपतो. तो पुन्हा उद्या संध्याकाळी. मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाचं हे मधलं अंतर आहे. यंत्राच्या लूपमध्ये एका फेरीच्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये काहीच घडत नाही. कालच्या आणि आजच्या हरिपाठामध्ये मात्र एक अख्खा दिवस गेलेला असतो. कोणाशी भांडण झालेलं असतं, बाजारात कांद्याचा भाव पडलेला असतो, मुलाचा निकाल लागलेला असतो. ओळ तीच राहते आणि माणूस मात्र थोडा दुसराच होऊन तिच्यापाशी येतो. ध्वनिमुद्रण शंभर टक्के तेच असलं तरी हाच नियम त्याला लागू होतो. आज ऐकलं, सोडून दिलं, परवा पुन्हा ऐकलं, तर ते ऐकणं नवं असतं. तेच लागोपाठ चार वेळा लावलं तर कंटाळा येतो, आणि तो योग्यच असतो.

आपल्याकडच्या परंपरांनी ही अंतरं फार विचाराने आखलेली दिसतात. गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहा. नाव अखंड, आणि सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही हा दंडक. रात्री अडीच वाजताही मंडपात कोणीतरी गळ्यात वीणा अडकवून, नाम घेत उभा असतो. पण तो एकच माणूस सात दिवस उभा नसतो. पहारे वाटलेले असतात. ठरलेली वेळ झाली की दुसरा येतो, पाया पडून वीणा आपल्या गळ्यात घेतो, पहिला घरी जाऊन झोपतो आणि उद्या त्याच वेळेला परत येतो. गावाचं नाम अखंड राहतं आणि माणसाला मात्र मधला दिवस मिळतो. (कर्ण्यामुळे ज्यांना ते नको असतं त्यांनाही फुकट ऐकायला मिळतं, ही तक्रार खरी आहे आणि तिची दखल सप्ताहवाल्यांनी घ्यायला हवी. नामाला कर्ण्याची गरज कधीच नव्हती.)

परत येण्याची ही रीत एका माणसाच्या आयुष्यात केवढी उलथापालथ करू शकते, ते पाहायचं तर देवासला जावं लागतं. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला राहायला गेले ते क्षयाने आजारी म्हणून. तेव्हा वय चोवीसही नव्हतं. बालवयात चमत्कार म्हणून गाजलेला, देवधर मास्तरांकडे शिकून तयार झालेला गवई, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. हे जवळजवळ पाच वर्षं चाललं. एक फुप्फुस निकामी झालं. या काळात त्यांना करता येण्यासारखी एकच सांगीतिक गोष्ट उरली होती, ती म्हणजे ऐकणं. आणि तेही निवडून नाही. घरावरून जाणाऱ्या बायका लग्नाची, ऋतूंची माळवी गाणी म्हणत जात. नाथपंथी जोगी दारात येऊन निर्गुणी पदं गात. ती माणसं रोज येत-जात राहिली, तीच गाणी येत राहिली, आणि ऐकणारा जागचा हलू शकत नव्हता.

एरवी एखाद्या मैफिली गवयाने असं लोकगीत एकदा ऐकलं असतं, ‘छान आहे’ म्हटलं असतं आणि पुढच्या गाडीने मुंबई गाठली असती. कुमारांना तो मार्ग बंद होता. वारंवार कानावर पडून पडून त्यांना त्या चार-पाच स्वरांच्या धुनांमध्ये रागांची बीजं दिसू लागली. बरे झाल्यावर त्यांनी माळव्यातली गाणी गोळा केली, त्यांवर कार्यक्रम केले आणि त्या धुनांतून जे राग उभे केले त्यांना ‘धुनउगम’ म्हटलं. निर्गुणी भजनांचं तर विचारूच नका. कबीर आधीही गायला जात होता, पण तो बहुतेक उपदेशाच्या सुरात. कुमारांच्या गळ्यातला कबीर एकटा आहे, कोणाला समजावत बसत नाही. एखादा शब्द तो असा उंच फेकतो की क्षणभर तिथे काहीच उरत नाही. ती फेक त्यांनी जोग्यांच्या गाण्यातून उचलली. पहिल्या पत्नी भानुमतीबाई गेल्यानंतरच्या काळात दुसऱ्या पत्नी वसुंधराबाईंच्या साथीने गायलेली ही भजनं आज कोणालाही विनामूल्य ऐकता येतात, आणि ज्यांचा देवावर काडीचाही विश्वास नाही असे कितीतरी लोक ती वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत.

कुमारांपासून पुढे जायचं तर मागे जावं, म्हणजे त्यांनी जे ऐकलं त्याकडे. उज्जैनजवळच्या लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे शाळामास्तर होते. त्यांना आधी कबीराची ओढ वगैरे काही नव्हती. तंबुऱ्याचा नाद आवडला, तो वाजवायला शिकावा म्हणून ते भजनी मंडळींत गेले आणि पदांमध्ये अडकले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गाण्यात पाच तारांचा तंबुरा, करताल, ढोलक आणि मध्येच थांबून केलेलं निरूपण असतं. कुमारांनी गायलेलं एखादं पद त्यांच्याकडे ऐकलं तर प्रथम धक्का बसतो. इतकं ठसठशीत, इतकं गर्दीतलं! जे आपण एकट्याचं गाणं समजत होतो ते मुळात ओसरीवर दहा जणांत बसून म्हणायचं गाणं होतं. मग कुमारांकडे परत यावं. त्यांनी काय घेतलं आणि काय सोडलं ते आता कुठे ऐकू येतं. शबनम वीरमणी यांच्या कबीर प्रकल्पाने ‘अजब शहर’ नावाचा एक खुला संग्रह इंटरनेटवर उभा केला आहे. माळवा, राजस्थान, कच्छ अशा ठिकाणच्या गायकांची पदं तिथे शब्द आणि अर्थासह ठेवलेली आहेत. एकाच पदाचे दोन-तीन गळे तिथे शेजारी शेजारी सापडतात, आणि माझ्या मते नव्या श्रोत्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

आपल्या नामदेवांच्या बाबतीत तर ही वाट पंढरपूरहून थेट अमृतसरला पोचते. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हा त्यांचा अभंग राम फाटकांच्या चालीत भीमसेनांनी गायला आणि घरोघरी गेला. त्याच नामदेवांची हिंदी वळणाची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ती आजही हरमंदिर साहिबात हजुरी रागी, म्हणजे तिथले नेमलेले गायक, गातात, आणि तिथलं कीर्तन रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत जगभर थेट ऐकता येतं. गुरू ग्रंथ साहिबाची मांडणी मुख्यतः रागांनुसार केलेली आहे. बहुतेक शबदांत, म्हणजे त्यातल्या पदांत, एक ओळ ‘रहाउ’ म्हणून खूण करून ठेवलेली असते. रागी तीच ओळ स्थायीसारखी धरतात, प्रत्येक कडव्यानंतर तिच्यावर परततात. म्हणजे कुठली ओळ धृपद म्हणून धरायची हे ग्रंथानेच सांगून ठेवलं आहे! वारकरी कानाला हे अनोळखी वाटायचं काही कारण नाही. भीमसेनांचे नामदेव ऐकून झाल्यावर ‘भगत नामदेव शबद’ असं शोधून पाहावं. हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीतलं ते गाणं सुरुवातीला फार सपाट वाटेल. वाटू द्यावं. दोन-चार दिवसांनी पुन्हा ऐकावं.

धृपदाची ओळच नाही, तालही नाही, शब्दही नाहीत, अशा ठिकाणी काय करायचं? म्हणजे ध्रुपद गायकीतल्या आलापाबद्दल म्हणतोय मी. डागर घराण्याचा आलाप तासभर सहज चालतो. नोम-तोमच्या अक्षरांवर राग खर्जापासून एकेक स्वर करत उलगडत जातो. नवख्याला वाटतं, इथे धरायला काहीच नाही. पण नीट ऐकलं तर प्रत्येक वळणाच्या शेवटी एक लयबद्ध छोटी आकृती येते. तिला मोहरा म्हणतात. ती आली की एक परिच्छेद संपला. श्रोत्याने तीच धरायची. झिया मोहिउद्दीन डागरांनी आपली रुद्रवीणा मोठ्या भोपळ्यांची आणि जाड तारांची करून घेतली होती आणि ती ते नख्या न लावता नुसत्या बोटांनी वाजवत. त्यामुळे एकेका स्वराची आस इतकी लांबते की मोहऱ्याची वाट पाहणं हाच ऐकण्याचा निम्मा भाग होऊन बसतो. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. मुंबई-पुण्याच्या रस्त्याला लागून एवढी मोठी गोष्ट घडत होती आणि आपल्यातल्या बहुतेकांना तिचा पत्ताही नव्हता.

आता ‘फुकट’ या बाबीकडे येतो, कारण त्यात गोंधळ बराच आहे. वारकरी परंपरेत श्रोत्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हा मुळातलाच नियम. कीर्तन जिथे केलं तिथे अन्नही घेऊ नये इतकं कडक तुकोबांनी बजावून ठेवलं आहे. (आजच्या काही कीर्तनकारांच्या बिदागीचे आकडे ऐकले की तो अभंग कोणीतरी त्यांना म्हणून दाखवावा असं वाटतं.) संतांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. फडावरच्या पारंपरिक चालीही कोणाच्या नाहीत. पण संगीतकाराने नवी चाल दिली की ती त्याची होते, आणि भारतीय कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, तेव्हा त्यांच्या ‘अभंग तुकयाचे’ या गीतसंग्रहातले तुकोबांचे शब्द सगळ्यांचे असले तरी खळ्यांची चाल २०७१ संपेपर्यंत खळ्यांचीच. ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा. ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी मोकळं होतं. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावर आज भारतात कंपनीचा हक्क उरलेला नाही. त्या जुन्या तबकड्यांतल्या पुष्कळ संग्राहकांनी इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवल्या आहेत.

त्यात अब्दुल करीम खाँसाहेब शोधा. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, खरखर आहे, मागे तानपुरा. एवढ्या अवधीत राग मांडायचा म्हणजे फापटपसारा शक्यच नाही. एकेका स्वरावर खाँसाहेब असे टेकतात की तेवढ्यासाठीच ती पुन्हा लावावीशी वाटते, आणि तीन मिनिटांची असल्याने लावताही येते. रोजच्या ऐकण्याला मला तास-तासाच्या मैफिलींपेक्षा या तबकड्या जास्त सोयीच्या वाटतात. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या नावाने संगीतसभा होते. नामवंत गायक-वादक दर्ग्यात हजेरी लावतात, तिकीट नसतं, कोणीही जाऊन बसावं. याच खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन. पंढरीच्या विठ्ठलाचा गजर महाराष्ट्राने ज्या आवाजात ऐकला त्याची एक मुळी दर्ग्याच्या अंगणात आहे.

आकाशवाणीला विसरू नये. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी मोबाइलवर लागते, आणि प्रसार भारतीच्या संग्रहातलं जुनं ध्वनिमुद्रणही इंटरनेटवर थोडं थोडं खुलं होत आहे. रेडिओत एक फायदा असा की पुढे काय लागणार ते आपल्या हातात नसतं. दारात आलेल्या जोग्याचं ऐकावं तसं जे येईल ते ऐकावं लागतं. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर याच्या बरोबर उलट घडतं. एक अभंग संपायच्या आत पुढचे दहा बाजूला रांगेत उभे, आणि आलाप कुठे षड्जावर येतोय तोच मध्ये साबणाची जाहिरात. फुकट ऐकण्याची किंमत आपण लक्षाने मोजतो. त्यावर उपाय साधा आहे. आपोआप पुढचं वाजवण्याची सोय बंद करायची, एक ऐकून झालं की फोन खाली ठेवायचा.

एक शंका नेहमी येते. हे सगळं श्रद्धावंतांसाठी झालं. ज्याला विठ्ठल म्हणजे एक मूर्ती आणि कबीर म्हणजे एक कवी, त्याने या आवर्तनांत का पडावं? मला वाटतं, श्रद्धेचा प्रश्न ऐकण्याच्या आधी सोडवायची गरजच नाही. तुकोबांनी धृपद धरलं तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं, असं तेच म्हणतात. टिपानिया तंबुऱ्यासाठी गेले. कुमार आजारपणामुळे अडकले. तिघांपैकी कोणीही आधी पटवून घेऊन मग ऐकायला बसलं नाही. शब्दांचंही तसंच. माळवी किंवा पंजाबी पदातले निम्मे शब्द पहिल्यांदा कळत नाहीत, म्हणून अर्थ हुडकत बसू नये. ओळ पाठ झाली की ती दुपारी कामात असताना आपोआप तोंडात येते, आणि अडलेला शब्द बहुधा तेव्हाच उलगडतो. तरीही नाही उलगडला तर जाणकाराला विचारावं. पण आधी ओळ पाठ व्हावी.

आणि हे सगळ्यांना लागू पडेल असंही नाही. काही माणसांना एकच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकवत नाही, त्यांचा पिंडच तसा. त्यांनी भरपूर नवं ऐकावं, त्यातही आनंद आहे. फक्त त्याला चिंतन म्हणू नये.

तेव्हा सुचवण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. एक पद निवडा, कुठलंही, ज्याची एखादी ओळ तुम्हाला आधीपासून थोडीफार येते असं. महिनाभर दिवसाआड ते ऐका. पहिले काही दिवस एकाच आवाजात, मग दुसऱ्या, मग जमल्यास मूळ परंपरेतल्या साध्या माणसाच्या आवाजात. मध्ये दुसरं काही ऐकू नका असं म्हणत नाही, पण या पदाचा दिवस चुकवू नका. आणि एकदा तरी घराबाहेर पडून ऐका, जिथे तुम्हालाही धृपद धरावं लागेल. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत पहाटे काकडा असतो. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी असा ठरलेला क्रम महिनाभर रोज तोच असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी काही आलं नाही तरी चौथ्या दिवशी येऊ लागतं. शहरांतल्या जुन्या पेठांमध्येही तो अजून चालतो. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. जवळच्या देवळात वेळ विचारून ठेवा.